सात घरचा पितर

माझे सासरे माझ्या लग्नाच्या दोन वर्षं आधी वारले. तरी ते कसे जेवायचे, हे मी शपथेवर सांगू शकते. पाटावर बसताना उजवा गुडघा आधी टेकवायचे. पहिला घास कढीभाताचा. चिंचोणीची वाटी दोन्ही हातांनी उचलून, डोळे मिटून, सबंध ओसरीला ऐकू जाईल असा भुरका मारायचे, आणि गूळ-चिंचेच्या त्या पाण्याचं भरलेलं पातेलं समोर दिसत असूनही विचारायचे, "अजून हाये, का सरली?"

हे सगळं मला तुळशीरामबुवांनी दाखवलं. दर आखाजीला ते आमच्याकडे सासऱ्यांच्या जागी जेवायला बसत.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या वऱ्हाडात त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात आणि एका जिवंत माणसाला पाटावर बसवून जेवू घालतात. त्या दिवसापुरता तो त्या घरचा पितर. पितर जेवून उठेपर्यंत घरातल्या कोणी तोंडात घास घालायचा नाही. बाकी सगळीकडे पितर म्हणून बसलेला माणूस आपला स्वतःसारखाच जेवतो, विडा घेतो आणि घरी जातो. बुवांना ते मान्य नव्हतं.

"ज्याच्या नावानं जेवाचं, त्याच्यासारखं जेवलं नाही तं त्याले पोचंल कसं?" ते म्हणत. "पत्ता चुकला तं टपाल वापस येते ना व सूनबाई?"

बुवा जन्मभर मेहकरच्या बाजारात मापाडी होते. मापाडी म्हणजे पायलीनं धान्य मोजणारा. मोजताना एक म्हणायचं नाही, पहिल्या मापाला 'लाभ' म्हणायचं, ही बाजाराची रीत. लाभ, दोन, तीन, चार. बुवांनी माप खाली ठेवून किती वर्षं झाली होती, पण तोंडातला 'लाभ' काही गेला नव्हता. पायऱ्या चढताना लाभ, दोन, तीन. पितर म्हणून बसले की पहिला घास उचलून पुटपुटत, "लाभ," आणि मग दुसऱ्या घासापासून ते बुवा राहत नसत.

अंगानं सुतळीसारखे होते. आमच्या आळीतल्या सात घरी ते एकाच दिवशी जेवत आणि त्या सुतळीला कुठे गाठसुद्धा पडलेली दिसत नसे. "पितराचं पोट ल्हान राह्यते," हे त्यांचं उत्तर. सगळं एकेक घेत. एक पुरणपोळी, एक वडा, भोपळ्याचं एक बोंड, वाटीभर कढी.

शिंप्यांच्या घरी ते शिंप्यांचे वडील होत. त्या गृहस्थांना कुठल्याही पदार्थात मीठ कमी लागायचं. बुवा दुसरा घास घेत, तोंड वाकडं करत आणि ओरडत, "मीठ कमी!" आतून शिंप्यांची म्हातारी आई, जी एरवी कोणाशी मोठ्यानं बोलत नसे, ती कढईसमोरून गरजायची, "जित्तेपनीही हेच! मेल्यावरही हेच! घ्या, मिठाचं मडकंच घेऊन बसा!" मग ती पदरानं डोळे पुसायची. त्या घरात वर्षभरात एवढं एकच भांडण व्हायचं आणि त्यासाठी म्हातारी वर्षभर थांबायची.

कोपऱ्यावरच्या पाटलांकडे गेलेले आजोबा तापट होते. अर्ध्या जेवणातून उठायचे आणि तीनदा विनवल्याशिवाय परत बसायचे नाहीत. बुवाही उठत. एका वर्षी नव्या सुनेला हे कोणी सांगितलेलं नव्हतं. आपल्या हातून काय चुकलं, म्हणून ती पोर रडायला लागली. बुवा दारापर्यंत गेले होते, तिथून वळून हळूच म्हणाले, "रडू नको बाई, मी नाही, हे तुहे आजेसासरे हायेत. दोनदा बोलावलं, अजून एक डाव म्हन."

आमच्याकडे सासरे येत, म्हणजे बुवा येत, तेव्हा माझे यजमान सदऱ्याची वरची गुंडी लावून खांबाशी ताठ उभे राहत. तहसील कचेरीतला चाळिशीचा कारकून, पण "अजून हाये, का सरली?" हे ऐकलं की त्यांचा आवाज आठ वर्षांच्या मुलासारखा होई. "आहे बाबा. भरपूर आहे."

आता माझ्याविषयी थोडं, कारण पुढे जे घडलं त्यात माझा हात आहे. मला यादी केल्याशिवाय काही सुचत नाही. कचेरीत एखादा छापील नमुना लिहिताना चुकला की तो कागद यजमान घरी आणत. एका बाजूला 'मध्यप्रांत व वऱ्हाड' असं छापलेलं, दुसरी बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर माझा संसार चालला. उन्हाळ्याच्या वाळवणांची यादी, लोणच्याच्या बरण्यांची यादी, कोणाचं पातेलं आपल्याकडे आणि आपली परात कोणाकडे, त्याची यादी. पेन्सिल मी अंबाड्यात खोचून ठेवते. सासूबाई म्हणायच्या, "हिले देवानं बोलावलं तं आधी सामानाची यादी करंल." करीन. रिकाम्या हातानं कुठे जायचं?

मी लग्न होऊन आले तेव्हा आखाजीला बुवांची नुसती ओढाताण चाले. एकदा दोन घरच्या सुनांनी त्यांचे दोन हात धरलेले मी स्वतः पाहिले. पुढच्या वर्षी मी वेळापत्रक केलं. साडेनऊला शिंपी, दहाला पाटील, असं करत पाचवे आम्ही, आणि साडेबाराला सातवं घर. बुवांना वाचता येत नसे. आखाजीच्या आदल्या दिवशी ते आमच्या ओसरीवर येत, तांब्याभर पाणी पीत, मी वाचून दाखवी आणि ते बोटांवर घोकत. "लाभ, शिंपी. दोन, पाटील."

अशी बरीच वर्षं गेली. मग एका वर्षी माझ्या डोक्यात ती कुरडई आली.

गोष्ट साधी होती. बुवा ताटातली कुरडई कधी खात नसत. तळलेली, पांढरी, फुललेली कुरडई उचलत आणि उपरण्याच्या टोकात बांधून ठेवत. म्हणत, "ह्याइले आवडत नोती." आमच्या घरी तसंच. एकदा बोलता बोलता शिंप्यांची सून म्हणाली, आमच्याही सासऱ्यांना आवडत नव्हती. मग मी चौकशी केली आणि अर्थातच यादी केली. सात घरं, सात पितर, आणि कुरडई एकालाही आवडत नव्हती. वऱ्हाडातले सात पुरुष, तेही एका आळीतले! हे होणंच शक्य नव्हतं.

मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुह्या सासऱ्याले? अवं, भुईवर पडेल कुरडई उचलून खाये तो मानूस."

त्या वर्षी आदल्या दिवशी बुवा आले. वेळापत्रक ऐकलं, घोकलं. पाण्याचा तांब्या त्यांनी हातात घेतला होता, तेवढ्यात मी म्हटलं, "बुवा, एक इचारू? सातही पितराइले कुरडई काऊन आवडत नाही?"

"नाही आवडत."

"आमच्या मामंजींले तं आवडे म्हनतात."

"तुही सासू काही बी सांगते."

आतून सासूबाईंचा आवाज आला, "काही बी नाही सांगत! फुंकतही नोते, तशीच खात!"

मी विचारलं, "मंग त्या कुरडया नेता कोनासाठी?"

"घरी हाये एकजन."

"घरी तं तुमी एकटेच हा ना?"

"हाव," बुवा म्हणाले.

तेव्हा मला उमगलं. त्यांची बायको, सरूकाकू. माझ्या लग्नाच्या आधीच तापानं गेलेल्या, मी त्यांना पाहिलेलंही नव्हतं. मूलबाळ नाही. भाद्रपदात नवमीला बुवा देवळात त्यांच्या नावानं शिधा ठेवून येत, एवढं माहीत होतं. शिध्याला आवडनिवड लागत नाही. पण आखाजीला त्यांच्या नावानं कोणी जेवतं का, हे आळीत कोणाला सुचलंच नव्हतं. काकू अहेवपणी गेलेल्या, म्हणजे सवाष्ण बाई हवी, आणि एकट्या पुरुषाच्या घरी कोण सवाष्ण जाऊन बसणार?

इथे एखाद्या शहाण्या बाईनं विषय बदलला असता. मी अंबाड्यातली पेन्सिल काढली आणि वेळापत्रकाखाली आठवी ओळ आखली. "सांगा बुवा, काकूंले काय आवडे? लिहून घेतो. करू यंदा."

बुवा माझ्या पेन्सिलीकडे बघत राहिले. "तिले..." म्हणाले, "तिले..." मग उठले आणि निघून गेले. तांब्यातलं पाणी तसंच राहिलं. पायऱ्या उतरताना त्यांनी मोजल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पावणेदहाला शिंप्यांची सून दारात आली. "काकू, आमचे सासरे अजून आले नाहीत."

सव्वादहाला पाटलांकडून निरोप आला, आजोबांचा पत्ता नाही. अकरा वाजेपर्यंत चार घरचे मेलेले बेपत्ता होते आणि चारही घरचे जिवंत माझ्या ओसरीवर जमले होते, कारण वेळापत्रक माझं. सगळ्यांकडे पुरण शिजलेलं, कढीवर साय धरलेली, लेकरं ताटाभोवती घिरट्या घालत असलेली. माझी धाकटी सारखी विचारत होती, "आई, आजोबा आज खरंच मेले का?"

मी तिला गप्प केलं, पण मलाही तेच वाटत होतं. वैशाखाचं ऊन, सत्तरी ओलांडलेला माणूस, घरात एकटा, आणि काल मी त्याच्या हातातलं पाणी प्यायचं राहू दिलं. काल मी जे बोलले ते एकेक वाक्य मला आठवत होतं, ओळीनं, आकड्यांसकट. एरवी माझ्या याद्यांचा मला त्रास होत नाही.

मी चपला घातल्या. सासूबाई म्हणाल्या, "थांब, मीही येतो."

बुवांचं घर पैनगंगेच्या उतरणीला होतं. दार आतून लावलेलं. कौलांमधून धूर येत होता. मी हाक मारली, उत्तर नाही. पुन्हा मारली, नाही. सासूबाईंनी मला बाजूला सारलं आणि दारावर दोन्ही तळहात आपटले.

"भाऊजी! जित्ते असान तं बोला! नसान तं तसं सांगा, मंग तुमच्या जागी कोनाले बसवाचं ते आमी पाहू!"

आतून खोकला आला. मग बुवांचा आवाज. "जित्ता हाये ना व वहिनी. कायले वरडता?"

मी तिथेच उंबऱ्यावर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं, मोजायला काही नसताना म्हटलं, "लाभ!"

दार उघडलं. आत धूरच धूर. धूर सरला तसं दिसलं ते असं. चुलीभोवती चार भांडी. एकात पुरण, खालून करपलेलं. एकात फाटलेली कढी. एका ताटलीत पोळ्या म्हणून काहीतरी, एकीचा आकार दुसरीला ठाऊक नाही असा. एका वाटीत चिंचोणी. आणि मधोमध एक पाट, त्याच्यापुढे रांगोळीच्या दोन वाकड्या रेघा, त्यावर एक घासलेलं पितळी ताट. ताट रिकामं होतं.

बुवा म्हणाले, "रांधलं सारं. पन वाढू काय?"

मी करपलेल्या पुरणाचं भांडं चुलीपासून दूर ओढलं.

"कालपासून आठवून राह्यलो. तिच्या हातचं किती वर्ष जेवलो म्या. पन ते काय जेवे, कवा जेवे, मले माहीतच नाही. मी उठलो का ते बसे. मी तवा बाजारात. सात घरच्या मेलेल्याइचं मीठ-गूळ तोंडपाठ हाये मले, आन घरचीचं..." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. धुरामुळेही असेल. "मंग म्हटलं, हिचं ताट रिकामं ठेवून त्या सात घरी कोन्या तोंडानं जेवू? टपाल पाठवून राह्यलो इतले वर्ष, आन पत्ताच लिहेल नाही."

मी हळूच विचारलं, "मंग कुरडई?"

"ते अंदाजानं. एकदा असाच उन्हाळ्यात अवचित घरी आलो. तिच्या पदराले कुरडयाइचा चीक लागेल होता. म्या म्हटलं, काय व, कुरडया केल्या का? तं तिनं पदर लपवला आन हासली. तिचं तेवढं हासनं ध्यानात हाये. म्हनून वाटलं, कुरडई आवडत असंल. दर आखाजीले सात नेऊन ठेवतो तिच्या ताटात. सकाळी तशाच राह्यतात."

सासूबाई चौकटीला धरून उभ्या होत्या. मला वाटलं, त्यांना रडू येतंय. पाहते तर त्यांचे खांदे हसण्यानं हलत होते.

"अरे बाप्पा! कुरडई कायची, भाऊजी! कुरडईकडं तं सरू पाहत नोती. चीक! तिले चीक आवडे, चीक!"

बुवांना कळलं नाही. पुरुषांना कळायचं कारणही नाही, म्हणून सांगते. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. मग वाटून, पिळून त्याचं दूध काढायचं, ते रात्रभर बसू द्यायचं आणि वरचं पाणी ओतून टाकून खाली राहिलेला दह्यासारखा पांढरा गोळा मीठ घालून मोठ्या पातेल्यात शिजवायचा. शिजून चकाकला की तो चीक. गरम असतानाच सोऱ्यात भरून खाटेवर कुरडया घालायच्या. हे सगळं अंगणात, सकाळी, पुरुष कामावर गेल्यावर. पुरुषांना कुरडई भेटते ती वाळून, तळून, ताटात आलेली. पातेल्यातला चीक फक्त बायकांनी खाल्लेला असतो.

सासूबाई सांगत होत्या, "आमच्याच आंगनात ये ना ते, कुरडया कराले. पातेलं उतरवलं का पयले हिचा हात पुढं. वरून जवसाचं तेल, चिमटीभर तिखट. फुंकू फुंकू खाये. तोंड भाजे, तरी थांबत नोती."

"वाटीत?" बुवांनी विचारलं.

"वाटी कायची! उभ्यानं. उलथन्यावरूनच."

"किती खाये?" शेवटी मापाडीच ते.

"लाभ, दोन, तीन... मोजाले मापाडी नोता ना भाऊजी तिथं!"

बुवा हसले. मग हसू जिरलं. "मले काऊन नाही सांगतलं इतले वर्ष?"

"तुमी इचारलं कवा?" सासूबाई म्हणाल्या. लगेच त्यांचा आवाज उतरला. "आन तिनंच सांगून ठेवलं होतं, घरी सांगू नका. म्हने, 'ते म्हनतीन, चीकच खाऊन टाकला म्हनून कुरडया कमी झाल्या.'"

बुवांनी रिकामं ताट उपरण्याच्या टोकानं पुसलं. "म्हटलंच असतं म्या," ते म्हणाले.

मग एकदम उठले. "आता होईन का चीक?"

हा माझा प्रांत होता. मी सांगितलं, आज गहू भिजवले तर तीन दिवस भिजायला, चौथ्या दिवशी वाटायचे, रात्रभर दूध बसेल, पाचव्या दिवशी सकाळी चीक. त्याच्या आत ब्रह्मदेव आला तरी होणार नाही. बुवांचा चेहरा पडला. "आज आखाजी हाये व."

सासूबाईंनी पदर खोचला. "इतले वर्ष थांबली सरू, पाच दिवस थांबंल. तिले घाई कवाच नोती. पन तुमी उठा आधी. सात घरचे मेले उपाशी हायेत, आन जित्ते त्याहून उपाशी हायेत."

मी पेन्सिल काढली आणि बुवांच्या उंबऱ्यावरच नवं वेळापत्रक केलं, घराला वीस-वीस मिनिटं. करपलेल्या पुरणाचा वरचा भाग चांगला निघाला, तोही मी डब्यात भरून घेतला. टाकायचं कशाला?

त्या दिवशी आमच्या आळीतल्या पितरांनी जेवढ्या झपाट्यानं जेवण केलं तेवढं कधी केलं नसेल. "मीठ कमी!" ही आरोळी मला चार घरांपलीकडून ऐकू आली, आणि म्हातारीचं उत्तर त्याहून मोठ्यानं ऐकू आलं, आणि मला इतकं बरं वाटलं की मी कढीला उगाचच दुसऱ्यांदा फोडणी दिली. पाटलांचे आजोबा उठले, पण घाई असल्यामुळे एकाच विनवणीत बसले. त्यावर पाटलांच्या सुना अजूनही नाराज आहेत.

आमच्याकडे बुवा आले तेव्हा दीड वाजला होता. उजवा गुडघा आधी. कढीभात. "लाभ." भुरका. "अजून हाये, का सरली?"

"आहे बाबा, भरपूर आहे," खांबाशी उभे असलेले यजमान म्हणाले.

मग बुवांनी कुरडई उचलली. मी बघत होते, त्यांनाही माहीत होतं मी बघतेय. हात उपरण्याकडे गेला, थांबला. त्यांनी ती मोडली आणि कर्रकन खाल्ली. "तुह्या सासऱ्याले आता आवडाले लागली," माझ्याकडे न बघता म्हणाले.

"बाबांना आवडायचीच," यजमान गंभीरपणे म्हणाले. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

गहू मी त्याच दिवशी भिजत घातले. रोज पाणी बदललं. पाचव्या दिवशी सकाळी बसलेल्या दुधाचं पातेलं, जवसाच्या तेलाची बाटली आणि सोऱ्या घेऊन आम्ही दोघी उतरणीवर गेलो. सोऱ्या अशासाठी, की चीक उरला तर चार कुरडया होतील.

सवाष्ण मीच होते. पत्ता नीट असावा म्हणून मी सासूबाईंना आधीच विचारून लिहून घेतलं होतं. उभ्यानं, उलथन्यावरून, फुंकून. बुवांनी पाट मांडून ठेवला होता, तो सासूबाईंनी पायानं सरकवला. "ते कवा बसली पाटावर? उचला तो."

सासूबाईंनी चूल पेटवली. हात न थांबवता त्या ढवळत होत्या. पांढरं पाणी घट्ट झालं, मग जड झालं, मग चकाकलं. घरभर शिजलेल्या गव्हाचा ओला, गोडसर वास सुटला. बुवा तेलाची बाटली घेऊन भिंतीशी उभे होते, माझे यजमान आखाजीला उभे राहतात तसे ताठ.

मी उलथनं भरून घेतलं. बुवांनी वरून तेल सोडलं, जरा जास्तच पडलं. मी फुंकर घातली आणि खाल्लं. तोंड भाजलं. खोटं सांगत नाही, इतका चांगला चीक मी कधी खाल्ला नव्हता. दुसरं उलथनं घेतलं, तिसरं घेतलं. बुवा ओठ हलवत मोजत होते. चौथ्याला घाई झाली आणि एक मोठा थेंब निसटून माझ्या पदरावर पडला. नवं लुगडं होतं. मी लाजून पदर मागे ओढला आणि मला हसू आलं.

हे यादीत नव्हतं.

बुवा बघत राहिले. मग त्यांनी बाटलीला बूच लावलं, दोनदा दाबून, आणि बाटली खाली ठेवली.

"पोचलं," ते म्हणाले.

आम्ही आवरायला लागलो तेव्हा बुवा पातेल्यापाशी येऊन उकिडवे बसले. बुडाशी चिकटलेली खरवड बोटानं काढून खायला लागले. गुडघा टेकवला नव्हता, भुरका नव्हता, मीठ मागितलं नाही. सासूबाईंनी विचारलं, "आता कोनासारखं जेवून राह्यले, भाऊजी?"

"कोनासारखं नाही. सगळ्याइच्या मांगून जेवलं तं कसं लागते, ते पाहून राह्यलो."

"मंग? कसं लागते?"

बुवांनी आणखी एक बोट चाटलं, विचार केला.

"निवते व वहिनी," ते म्हणाले. "थंड होऊन जाते."

सासूबाईंनी पातेलं त्यांच्यासमोरून उचललं आणि परत चुलीवर ठेवलं. मी चुलीत एक काडी सारली.